सायकल : देखभाल, दुरुस्ती व सुधारणा

सायकलीच्या फिरत्या व घासणाऱ्या भागांची साफसफाई, वंगण व जुळणी करणे, झिजलेले सुटे भाग बदलणे आणि मूळ भागांऐवजी अधिक सोयीचे भाग बसविणे, या कामांचा समावेश सायकलीच्या देखभालीत होतो. सायकलीचे बहुतेक भाग जोडीने काम करतात व जोडीनेच झिजतात. त्यामुळे एक स्वस्त भाग वेळेवर बदलला नाही, तर त्याच्या जोडीचा महाग भागही निकामी होतो. देखभालीचे सर्व नियम या एका तत्त्वातून निघतात. ठाणे, कल्याण व डोंबिवली या खाडीकाठच्या शहरांत ओलाव्यामुळे त्याचे महत्त्व अधिक आहे.

पार्श्वभूमी : मुंबई–ठाणे लोहमार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला व १८५४ मध्ये तो कल्याणपर्यंत पोहोचला. पुढे या मार्गालगत वस्ती वाढली. ठाण्याची वागळे औद्योगिक वसाहत व डोंबिवलीचे औद्योगिक क्षेत्र येथे कारखाने उभे राहिले. घर ते स्थानक व घर ते कारखाना या अंतरांसाठी सायकल हे कामगारांचे व नोकरदारांचे वाहन होते. रिक्षा व स्वयंचलित दुचाक्या वाढल्यावर हा वापर घटला. मात्र व्यायामासाठी येऊरचा चढ किंवा घोडबंदर रस्ता गाठणारा नवा सायकलस्वार वर्ग निर्माण झाला आहे. परिणामी एकाच दुकानात जुनी दुहेरी दांडीची सायकल व गिअरची सायकल अशा दोन्ही दुरुस्तीला येतात.

मुंबईत वरळी येथे हिंद सायकल्सचा कारखाना होता. १९८० मध्ये त्याचे राष्ट्रीयीकरण झाले. सोनीपत येथे १९५१ मध्ये ॲटलास व लुधियाना येथे १९५६ मध्ये हीरो या कंपन्यांनी उत्पादन सुरू केले. लुधियाना हे सुट्या भागांचे देशातील प्रमुख केंद्र बनले. या काळातील साध्या सायकली ब्रिटिश नमुन्यावर बेतलेल्या असल्यामुळे एका कंपनीचा भाग दुसरीच्या सायकलीला सहसा बसे. गिअरच्या सायकलींना हे लागू पडत नाही.

गंज : जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत या भागात सु. २,५०० मिमी. पाऊस पडतो. खाडीवरील दमट, खारट हवेमुळे लोखंडी भाग लवकर गंजतात. पावसातून आलेली सायकल कोरड्या फडक्याने पुसून साखळीला पातळ तेल द्यावे व वर राहिलेले तेल पुसून टाकावे. अन्यथा त्यावर चिखल व धूळ बसून साखळी घासली जाते. तुंबलेल्या पाण्यातून सायकल नेल्यास चाकांच्या हबमध्ये पाणी शिरते व आतील ग्रीस खराब होते. अशा वेळी हब उघडून छर्रे रॉकेलने धुवावेत, कोरडे करावेत व नवे ग्रीस भरावे. खड्डे पडलेले छर्रे एकेक न बदलता पूर्ण संच बदलावा. जुन्या-नव्या छर्ऱ्यांच्या व्यासात फरक असल्यास भार मोजक्या छर्ऱ्यांवर पडतो व कोन झिजतो.

साखळी : साखळी ‘ताणली’ असे म्हटले जाते, प्रत्यक्षात पोलाद ताणले जात नाही, तर सांध्यांतील खिळे झिजून लांबी वाढते. साखळीच्या दोन लगतच्या खिळ्यांमधील अंतर १२·७ मिमी. असते, म्हणून अशा २४ अंतरांची लांबी ३०४·८ मिमी. भरली पाहिजे. गिअरच्या सायकलीत ही लांबी १·५ मिमी.ने वाढल्यास व साध्या सायकलीत ३ मिमी.ने वाढल्यास साखळी बदलावी. त्यानंतरही तीच साखळी वापरल्यास फ्रीव्हीलचे व पुढच्या दंतचक्राचे दात आकड्यासारखे वाकडे झिजतात. त्यावर नवी साखळी चढविली, तर ती जोर देताच दातांवरून उडते आणि तिन्ही भाग बदलावे लागतात.

पायडल व क्रँक : उजव्या पायडलचे आटे नेहमीसारखे, तर डाव्याचे उलटे असतात. सोडविताना पाना पायडलच्या आसाच्या वरच्या बाजूने मागच्या चाकाकडे फिरवावा. हा नियम दोन्ही बाजूंना लागू आहे. हे माहीत नसल्यास डाव्या क्रँकचे आटे कापले जातात. जुन्या सायकलीत क्रँक कॉटर पिनेने घट्ट बसविलेली असते. दर फेरीत टकटक जाणवल्यास पिन सैल झाली असे समजावे. तशीच सायकल चालविल्यास आसाची खाच घासली जाते.

चाके : साध्या सायकलीच्या पुढच्या चाकाला ३२, तर भार अधिक असल्यामुळे मागच्या चाकाला ४० स्पोक असतात. एक स्पोक तुटताच त्याचा ताण शेजारच्या स्पोकांवर पडतो व चाकाला आउट येतो. म्हणून तुटलेला स्पोक लगेच बदलावा. पंक्चर काढताना ठिगळ लावण्यापूर्वी टायरच्या आतील बाजूने बोटे जपून फिरवावीत. रुतलेला काटा किंवा तारेचा तुकडा आतच राहिला, तर काही अंतरावर पुन्हा पंक्चर होते.

ब्रेक : ओल्या पोलादी रिमवर रबराची पकड फार कमी होते व थांबण्याचे अंतर अनेक पटींनी वाढू शकते. येऊरच्या उतारावर किंवा गर्दीच्या स्थानक रस्त्यावर हे प्राणघातक ठरते. पावसात ब्रेक बराच आधीपासून हलके दाबून रिम पुसून घ्यावी. रबरात अडकलेले खडे काढावेत; रबर कडक झाल्यास ते बदलावे. रबरावर किंवा रिमवर वंगण तेल लागू देऊ नये.

सुधारणा : आपल्याकडील पावसात सर्वांत उपयुक्त सुधारणा म्हणजे पोलादी रिमऐवजी ॲल्युमिनियमची रिम होय, ओलेपणी तिच्यावर रबराची पकड चांगली राहते. तथापि दांडीच्या ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या बाजूस, तर केबलच्या ब्रेकचे रबर तिच्या कडांना टेकते. त्यामुळे रिमबरोबर ब्रेकही बदलावा लागतो. टायर घेताना केवळ इंचांतील मापावर विसंबू नये. २८ × १½ या टायरची रिमवर बसणारी कड ६३५ मिमी. व्यासाची असते, २८ इंची म्हणूनच विकल्या जाणाऱ्या ७०० सी टायरची ती ६२२ मिमी. असते. २६ × १⅜ साठी हे माप ५९० मिमी., तर डोंगरी सायकलीच्या २६ इंची टायरसाठी ५५९ मिमी. असते. ही मापे एकमेकांना चालत नाहीत. टायरच्या बाजूवर ३७-६२२ असे आकडे छापलेले असतात. त्यांतील दुसरा आकडा जुळला पाहिजे. डिस्क ब्रेक बसविण्यासाठी हब व चिमटा दोन्ही त्या जातीचे लागतात; साध्या चिमट्यावर जोडकाम करून तो बसविणे धोक्याचे असते.

खर्चाचा क्रम : मर्यादित खर्चात प्रथम ब्रेक, नंतर टायर, मग साखळी व शेवटी गिअर किंवा हलके भाग असा क्रम ठेवावा. पावसाळ्यापूर्वी ब्रेकची रबरे व केबली तपासाव्यात आणि पावसाळा संपताच हब, हँडलचे कप व मधला आस उघडून पूर्ण सफाई करावी. सांगाड्याच्या सांध्याजवळ रंगात बारीक भेग दिसल्यास तिच्याखालील नळी तपासून घेईपर्यंत सायकल चालवू नये. चिमटा किंवा हँडलची नळी चालत्या सायकलीवर तुटल्यास स्वाराला सावरण्यास वेळ मिळत नाही.