रक्त परततं तेव्हा

पुण्याहून मुंबईला यकृत किंवा हृदय निघालं की बातम्यांत मिनिटं मोजली जातात. ग्रीन कॉरिडॉर, थोपवून धरलेली वाहनं, सायरन. पेटी रुग्णालयात पोचली की बातमी संपते. पण कसोटीची घटका अजून यायची असते. यकृत जोडून झालेलं असतं, रक्तवाहिन्यांवरचे क्लॅम्प तेवढे काढायचे असतात. त्याआधी सर्जन यकृतात भरलेलं थंड द्रावण धुऊन काढतात. अशा द्रावणात पोटॅशियम भरपूर असलं आणि ते एकदम हृदयात गेलं, तर हृदय बंद पडू शकतं. क्लॅम्प सुटतो, फिकं तपकिरी यकृत बघता बघता गुलाबी होऊ लागतं. भूलतज्ज्ञाचे डोळे मात्र मॉनिटरवर खिळलेले असतात. रक्तदाब कोसळला तर तो याच वेळी कोसळतो.

रक्त थांबलं की अवयव मरतो, हे कुणालाही कळतं. रक्त परत आल्यानेही तो जखमी होतो, हे मान्य व्हायला वैद्यकशास्त्राला फार वेळ लागला. १९६० साली रॉबर्ट जेनिंग्ज आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या हृदयाची रक्तवाहिनी काही काळ बांधून मोकळी केली. एरवी जी नासधूस दिसायला जवळजवळ दिवस लागे, ती रक्त परतल्यावर तासाभरातच दिसली. या पेशी आधीच मरायला टेकल्या होत्या की रक्ताने मारल्या, हा वाद पुढे कित्येक वर्षं चालला.

लोडशेडिंग पाहिलेल्या माणसाला यातलं मर्म पटकन उमगेल. वीज जाण्यापेक्षा ती येतानाचा झटका फ्रिजला बाधतो, म्हणून आपण बटण बंद करून ठेवायचो. पेशीतही तसंच घडतं. प्राणवायू नसताना तंतुकणिकांमध्ये सक्सिनेट नावाचा पदार्थ साचत जातो. रक्त येताच तो भराभर जळतो, इलेक्ट्रॉन उलट्या दिशेने धावतात आणि प्राणवायूचे विध्वंसक कण तयार होतात. हे केंब्रिजच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं. त्यातच पेशीत कॅल्शियम तुंबलेलं असतं. तंतुकणिकांच्या पडद्याला भोकं पडतात आणि रक्त थांबलं असताना तगून राहिलेली पेशी रक्त आल्यावर मरते.

मग वाचवायचं कसं? १९८६ मध्ये मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी ड्यूक विद्यापीठात केलेला प्रयोग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुन्हा मागे जाऊन आकडे तपासले होते. कुत्र्याच्या हृदयाचं रक्त आधी पाच-पाच मिनिटं चार वेळा थांबवलं, मध्ये तेवढाच वेळ सोडलं आणि मग चाळीस मिनिटं बंद ठेवलं. मेलेला भाग एरवीच्या पाव हिस्सा भरला! छोट्या उपासमारीने हृदय जणू सावध झालं होतं. पण रक्त तीन तास बंद ठेवलं तेव्हा हा फायदा उरला नाही.

पुढे कळलं की हात किंवा पाय असा काही मिनिटं आवळला तरी दूरच्या हृदयाला संरक्षण मिळतं. रक्तदाब मोजायचा साधा पट्टा! गरीब देशांसाठी याहून स्वस्त उपाय कोणता असणार? ब्रिटन, डेन्मार्क, स्पेन आणि सर्बियातल्या, हृदयविकाराचा झटका आलेल्या ५,४०० हून अधिक रुग्णांमध्ये त्याची चाचणी झाली. २०१९ मध्ये निकाल आला: काही फायदा नाही. मला हा निकाल फार लागला. तरुण, निरोगी प्राणी वेगळे आणि मधुमेह असलेली, अनेक औषधं घेणारी साठीची माणसं वेगळी, हे एक कारण असावं. दुसरं असं की अँजिओप्लास्टी वेळेत झालेले हे रुग्ण आधीच बऱ्यापैकी सावरत होते. तिथे आणखी सुधारणा दिसणं अवघडच.

छातीतल्या हृदयाला बाहेर काढून सावकाश जागं करता येत नाही. दात्याच्या यकृताला करता येतं. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीत, हृदय थांबून मृत्यू आलेल्या दात्यांची यकृतं बसवण्याआधी दोन तास यंत्राला जोडली. सुमारे दहा अंशांवर प्राणवायूयुक्त द्रावण त्यांतून हळूहळू फिरत राहिलं. थंडीतच तंतुकणिका पुन्हा कामाला लागतात, साचलेलं सक्सिनेट ओसरतं. २०२१ मध्ये आकडे आले. पित्तनलिका आतून अरुंद होण्याचं प्रमाण सहा महिन्यांत १८ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलं. क्लॅम्प सुटताच रक्ताभिसरण ढासळण्याचे प्रसंग २७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले.