मोरचुदाचा निळा, शेंदराचा केशरी

निफाड-दिंडोरीच्या बाजूला द्राक्षबागेच्या बांधावर वापरातून गेलेला एखादा लोखंडी फवारणी गाडा दिसतो. रंगाचे पोपडे निघालेले, मधूनमधून तांबूस गंज, आणि टाकीच्या तोंडापासून खाली ओघळलेला फिकट निळा पट्टा. कॅमेरा हातभर अंतरावर नेला की गाडा नाहीसा होतो आणि रंगांचे चित्र तेवढे उरते. अशा छायाचित्रांना अमूर्त म्हणण्याची रीत आहे. नाशिक जिल्ह्यापुरते तरी मला ते नाव अपुरे वाटते, कारण इथला प्रत्येक डाग कुठून आला हे वाचता येते आणि वाचता आले की तो जास्त सुंदर दिसतो.

तो निळा पट्टाच घ्या. तो बोर्डो मिश्रणाचा, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पाऊस रेंगाळला की वेलीवर डाऊनी हा रोग येतो आणि त्यावर हे मिश्रण फवारतात. चुना कमी पडला तर द्रावण आम्लधर्मी राहते. म्हणून बागाईतदार त्यात लोखंडी विळा बुडवून पाहतात. पात्यावर मोरचुदातल्या तांब्याचे तांबूस पुट चढले की चुना वाढवायचा. विळ्यावर जे घडते तेच पत्र्यावरही घडते: टवका उडून लोखंड उघडे पडलेल्या जागी आम्लधर्मी द्रावण सांडले की तिथे तांबे बसते आणि भोवतीचे लोखंड लवकर गंजते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळे तो शेजारचा चांगला रंगही आतून उचलतो. पोपड्यांच्या कडा वर वळतात त्या या रेट्याने. उन्हाने रंगातले तेल मरते आणि पृष्ठभागाची खडूसारखी पूड होते. वर्षानुवर्षे एकाच जागी पडलेल्या यंत्राची दक्षिणेकडची बाजू म्हणूनच जास्त विटलेली असते. सर्वांत खालच्या थरात केशरी रंग दिसला तर ते शिशापासून केलेल्या शेंदराचे जुने अस्तर असण्याचा संभव मोठा. विटकरी दिसला तर नंतरचे रेड ऑक्साइड. थराखाली काय दडलेले असते याचा प्रत्यय याच जिल्ह्याने २०२२ मध्ये घेतला आहे. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचे शेंदराचे थर उतरवले, तेव्हा देवीचे मूळ रूप भाविकांना दिसले.

यावर कोणी म्हणेल की अमूर्त चित्राला अर्थाचे ओझे कशाला? हा आक्षेप मोठ्या परंपरेतून येतो. अमेरिकेच्या ॲरन सिस्किंड यांनी १९४० च्या दशकात माणसांच्या जगण्याची छायाचित्रे मागे ठेवून पोपडे धरलेल्या भिंतींकडे कॅमेरा वळवला, आणि त्यांच्या चौकटी न्यूयॉर्कच्या अमूर्त चित्रकारांच्या पंक्तीत शोभल्या. पण त्यांच्या कित्येक चित्रांची शीर्षके पाहा: गावाचे नाव आणि साल. जेरोम, ॲरिझोना, १९४९. एवढ्याने चित्राचे स्वातंत्र्य जरासुद्धा कमी झालेले नाही. आपल्याकडे गाव, यंत्र आणि महिना लिहिला, आणि जवळच्या चौकटीसोबत पूर्ण यंत्राची एक चौकट जपून ठेवली, तरी पुरे. रंग मात्र खरे हवेत. कॅमेऱ्याला आपोआप रंग जुळवू दिले तर तो गंजाची ऊब कमी करतो. त्यामुळे रंगसंतुलन दिवसाच्या उजेडावर स्थिर ठेवावे, कॅमेरा पत्र्याला समांतर धरावा, आणि पोपडे नखाने उचलून चित्र ‘सुधारू’ नये. पुरावा तर बिघडतोच, शिवाय शिशाची पूड आणि औषधाचे अंश हाताला लागतात.

दुसरा आक्षेप मला जास्त जड वाटतो. रोग, फवारणी, कर्ज यांच्या खुणांतून आपण शोभा काढायची का? नुसती शोभा काढली तर तो अन्यायच आहे. पण निळ्या ओघळाखाली ‘डाऊनीवरची फवारणी’ असे लिहिले, की बघणाऱ्याची नजर पट्ट्यावरून बागेकडे आणि बागेत राबणाऱ्याकडे जाते. ते न लिहिणे हेच मला निष्ठुरपणाचे वाटते.

वापरातली यंत्रे अनेक ठिकाणी खंडेनवमीच्या आधी धुतली, पुसली, रंगवली जातात. त्यामुळे चित्रे घ्यायची तर भाद्रपदात, पावसाची उघडीप बघून, ढगाळ सकाळी. ओला गंज तेव्हा सर्वांत गडद असतो आणि नवा हात अजून मारलेला नसतो.