लाटेंत अडलेलें एंजिन

गोव्याच्या किंवा मालवणच्या किनाऱ्यावर पर्यटकांस पाठीवर बसवून पाण्यावरून धांवणारीं जेट-स्की नांवाचीं वाहनें वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलीं असतील. परंतु या वाहनाचें मूळ रूप बसण्याचें नव्हे, उभें राहण्याचें होय. क्लेटन जेकबसन या अमेरिकन गृहस्थाच्या कल्पनेवरून बनविलेली अशी उभ्यानें चालवावयाची जेट-स्की कावासाकी कंपनीनें १९७३ सालीं बाजारांत आणली. पुढें यामाहा कंपनीची ‘सुपर जेट’ १९९० सालीं निघाली व २०२० पर्यंत ती दोन सिलिंडरांच्या टू-स्ट्रोक एंजिनासह विकली जात असे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कांहीं साहसी लोक हीं वाहनें फुटणाऱ्या लाटांत नेतात व लाटेच्या माथ्यावरून हवेंत उडी घेतात. या मंडळींची एक नित्याची तक्रार आहे. तळ्यांत कळ दाबतांच सुरू होणारें एंजिन समुद्रांत चालक पडल्यावर पुन्हां सुरू होण्यास फार कुरकुर करतें.

तळ्यांत ही कुरकुर केवळ त्रासदायक असते; लाटांत ती धोक्याची होते. पॅसिफिक महासागराच्या त्या किनाऱ्यावर, दूरच्या वादळांतून उठून आलेल्या दोन लाटांमध्यें पुष्कळदां दहा-पंधरा सेकंदांचेंच अंतर असतें. तेवढ्या अवधींत चालकानें पोहत जाऊन वाहन गांठावें, उलटलें असल्यास सुलटें करावें, मनगटाच्या दोरीची कळ जागीं बसवावी, एंजिन सुरू करावें आणि पुढच्या लाटेकडे तोंड फिरवावें, असा हा मामला आहे. एंजिन रुसलें तर सुमारें १४० किलो वजनाचें तें धूड लाट उचलून किनाऱ्याकडे भिरकावते. म्हणून जाणते लोक वाहन आणि किनारा यांच्या मध्यें कधींहि राहत नाहींत. ते समुद्राच्या अंगास राहतात.

एंजिन तेंच, पेट्रोल तेंच. मग समुद्रांतच असें कां व्हावें? पहिलें कारण असें कीं, लाट वाहनास उलटेंपालटें करते, आणि एंजिनास हवा पुरविणाऱ्या वाटांनीं पाणी पोटांत शिरतें. एंजिन चालू असतां जेटच्या शोषणानें हें पाणी आपोआप बाहेर ओढलें जातें. परंतु एंजिन थांबलें कीं तें शोषणहि थांबतें, व सांचलेलें पाणी पुढच्या हिसक्यासरशीं हवेच्या तोंडावर उसळतें. दुसरें कारण, प्रत्येक पडण्यामागें एक वेळ स्टार्टर फिरवावा लागतो. दोन पडण्यांमधील धांव इतकी तोकडी असते कीं बॅटरीचा खर्च भरून निघत नाहीं. त्यांत कोणी पाणी उपसण्यास विजेचा पंप बसविला असेल, तर त्याचाहि भार तिच्यावरच.

पुष्कळ लोक पहिला संशय कार्बुरेटरवर घेतात व त्याचे स्क्रू फिरवूं लागतात. माझ्या मतें ही घाई होय. अगोदर कान द्यावा: स्टार्टर झपाट्यानें फिरतो कीं रेंगाळतो? रेंगाळत असेल तर ठिणगीहि दुबळी पडते, आणि कार्बुरेटर कितीहि निर्दोष असला तरी उपयोग नाहीं. पूर्ण भरलेली बॅटरी विसांव्याच्या स्थितींत सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. स्टार्टर फिरत असतां कांटा साडेनवाच्या खालीं गेला तर बॅटरी थकली आहे असें समजावें. नंतर तारांचे सांधे पाहावे. खाऱ्या हवेनें त्यांवर पांढरी-हिरवी भुकटी धरते, ती वरून दिसतेच असें नाहीं. बॅटरीचें ऋण टोक व एंजिनाचें अंग यांमध्यें व्होल्टमापक लावून स्टार्टर फिरवावा. अर्ध्या व्होल्टाहून अधिक दाब दिसल्यास तो सांधा उघडून घांसणें प्राप्त आहे.

स्टार्टर जोमानें फिरत असूनहि एंजिन पेट घेत नसेल, तर स्पार्क प्लग काढून पाहावा. या प्रकरणांत त्याच्याइतका प्रामाणिक साक्षीदार दुसरा नाहीं.

प्लग पेट्रोलानें भिजलेला असेल तर एंजिनाच्या घशांत पेट्रोल अधिक झालें आहे. जुन्या मोटारींच्या कार्बुरेटरांत पेट्रोलाची पातळी राखणारा तरंगता गोळा असे. उलटणाऱ्या वाहनांत त्याचा निभाव लागत नाहीं. म्हणून येथें एक पातळ पडदा, त्यावर टेकलेली तरफ आणि एक बारीक सुई यांच्या योगें पेट्रोलाची वाट उघडते व मिटते. सुईच्या बैठकींत कण अडकला किंवा ती झिजली, म्हणजे वाट पुरती मिटत नाहीं. टांकीच्या श्वासनळींतील झडप हवा आंत घेते, बाहेर सोडीत नाहीं. यामुळें उन्हानें व एंजिनाच्या उष्णतेनें टांकींत दाब वाढतो, व चालक पाण्यांत धडपडत असतां तो दाब पेट्रोल थेंबाथेंबानें आंत ढकलीत राहतो. किनाऱ्यावर टांकीचें बूच सैल करतांच जोराचा फुसकारा झाला, आणि त्यानंतर एंजिन मुकाट्यानें सुरू होऊं लागलें, तर सुई तपासावी. अशा वेळीं लाटेंत उपाय एकच: चोक लावूं नये, थ्रॉटल पूर्ण उघडा धरावा, व एका वेळीं पांच सेकंदांहून अधिक स्टार्टर फिरवूं नये.

प्लग कोरडा निघाला तर उलट दोष. पेट्रोल पोंचत नाहीं: गाळणी तुंबली असेल, पंपाचा पडदा ताठरला असेल, किंवा मंद चालीचें मिश्रण फार पातळ ठेविलें असेल. तापलेल्या एंजिनासहि दर वेळीं चोक लागणें ही याची ठळक खूण होय. चोक ओढून वेळ निभावते खरी. परंतु पातळ मिश्रणावर धांवणारें टू-स्ट्रोक एंजिन शेवटीं पिस्टनाचा बळी घेतें.

प्लगावर पाण्याचे थेंब दिसले तर वाहनाचीं झांकणें व हवेच्या वाटा पाहाव्या. येथें एक चूक फार महाग पडते. धुराच्या वाटेवरील पेटींत पाणी असतें. वाहन भलत्या बाजूनें सुलटें केल्यास तें मागें फिरून सिलिंडरांत उतरतें. कोणत्या बाजूनें सुलटें करावें याची खूण वाहनाच्या मागील अंगावर चिकटविलेली असते; ती समुद्रांत शिरण्यापूर्वींच पाठ असावी. आणि स्टार्टर ‘टक्’ करून एकदम अडला, तर बळ लावूं नये. सिलिंडर पाण्यानें भरला असण्याचा संभव असतो, आणि पाणी दबत नाहीं, त्यामुळें दांडा वांकतो. किनाऱ्यावर प्लग काढून, त्यांच्या तारा पेट्रोलाच्या वाफेपासून दूर व अंगाला जोडून ठेवून, पाणी बाहेर उडवावें. नंतर थोडें तेल घालून एंजिन त्याच दिवशीं चालवावें, कारण खारें पाणी आंतील बेअरिंगांवर फार लवकर गंज चढवितें.

हें सर्व निवडून काढण्यास शांत पाणी हीच खरी शाळा. एंजिन तापवावें, थांबवावें, पुन्हां सुरू करावें. मग तें थांबवून वाहन दहा अंक मोजेपर्यंत उलटें ठेवावें व योग्य बाजूनें फिरवून पुन्हां सुरू करावें. पहिली परीक्षा उतरली व दुसरी फसली, तर उलटेपणीं आंत जाणारें पाणी किंवा गळणारी सुई यांकडे पाहावें. दोन्ही परीक्षा उतरूनहि समुद्रांत रडगाणें असेल, तर पोटांतील पाणी व थकलेली बॅटरी यांखेरीज अन्यत्र धुंडाळण्यांत अर्थ नाहीं. पहिलीच फसली तर दोन्ही सिलिंडरांचा दाब मापावा. झिजलेल्या रिंगांचें एंजिन थंड असतां चोकानें सुरू होतें, पण तापल्यावर हट्ट धरतें.

घरीं आल्यावर गोड्या पाण्याची नळी लावून एंजिन धुवावयाचें असतें. त्यांत क्रम चुकवूं नये: आधीं एंजिन सुरू, मग पाण्याची तोटी, बंद करतांना आधीं तोटी, मग एंजिन. उलट केल्यास तेंच पाणी धुराच्या वाटेनें सिलिंडरांत शिरतें.