क्रेमाँ
क्रेमाँ : फ्रान्समधील शँपेन प्रदेशाबाहेरच्या आठ ठरावीक द्राक्षप्रदेशांत तयार होणारी फेसाळ वाइन. आल्सेस, बर्गंडी, ल्वार, बॉर्दो, लिमू, दी, जुरा व सॅव्हॉय हे ते आठ प्रदेश होत. प्रत्येक ठिकाणची वाइन ‘क्रेमाँ द ल्वार’, ‘क्रेमाँ द लिमू’ अशा प्रदेशयुक्त नावाने ओळखली जाते. फ्रान्सलगतच्या लक्सेंबर्ग देशातही १९९१ पासून क्रेमाँ तयार होते. शँपेन आणि क्रेमाँ या दोहोंची निर्मितिपद्धती मूलतः एकच आहे. त्यांतील भेद मुख्यत्वे जमीन, हवामान, द्राक्षांचे वाण व कायदा यांतून उत्पन्न झाला आहे. एकाच पद्धतीने तयार होणाऱ्या वस्तूंना निरनिराळी नावे का असावीत, या प्रश्नाचे उत्तर क्रेमाँच्या इतिहासात मिळते.

नाव व इतिहास : ‘क्रेमाँ’ हा शब्द साय या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला आहे. सायीसारखा मऊ फेस धरणारी, असा त्याचा भावार्थ होय. हा शब्द मूळचा शँपेन प्रदेशातलाच आहे. नेहमीच्या शँपेनपेक्षा जवळजवळ निम्मा दाब असलेल्या सौम्य फेसाच्या वाइनला तेथे क्रेमाँ म्हणत. शँपेनमधील क्रामाँ या द्राक्षांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावाचे नाव उच्चाराने जवळचे असले, तरी या शब्दाशी त्याचा संबंध नाही.

फेसाळ वाइनचा शोध दॉम पेरीन्याँ (१६३८–१७१५) या शँपेनमधील बेनेडिक्टाइन मठवासीयाने लावला, अशी लोकप्रिय समजूत आहे. परंतु तिला आधार नाही. वाइनमध्ये साखर घालून ती फेसाळ करण्याच्या प्रथेचे वर्णन क्रिस्टोफर मेरेट या इंग्रज वैद्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे १६६२ मध्ये केले होते. दक्षिण फ्रान्समधील लिमूजवळच्या सँ-तीलेर येथील मठात १५३१ मध्येच फेसाळ वाइन तयार होत असे, अशी तेथील परंपरा सांगते. तथापि ही पद्धती शास्त्रशुद्ध व भरवशाची झाली ती एकोणिसाव्या शतकात शँपेनमध्ये. क्लिको या विधवा उद्योजिकेच्या तळघरात १८१६ च्या सुमारास साका बुचाकडे आणण्यासाठी छिद्रे पाडलेल्या फळ्यांचा उपयोग होऊ लागला. शालाँ येथील फ्रांस्वा या औषधनिर्मात्याने बाटलीत घालावयाच्या साखरेचे प्रमाण मोजण्याची रीत १८३६ मध्ये दाखवून दिली. त्यापूर्वी साखर अंदाजाने घातली जाई व दाब अनावर होऊन तळघरातील पुष्कळशा बाटल्या फुटत.

हे ज्ञान शँपेनबाहेर लवकरच पसरले. ल्वार नदीकाठच्या सोम्यूर येथे झां-बातीस्त आकर्मान याने १८११ मध्ये आपला व्यवसाय स्थापन केला आणि पुढे तेथे फेसाळ वाइनच्या निर्मितीचा पाया घातला. या परिसरात इमारतींसाठी मऊ चुनखडक काढल्यामुळे झालेल्या विस्तीर्ण खाणी होत्या. त्यांतील थंड व वर्षभर जवळजवळ सारखे राहणारे तापमान बाटल्या मुरविण्यास सोयीचे ठरले. आल्सेसमधील रीकवीर येथील झ्यूल्यँ डोप्फ याने १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ही पद्धती पाहिली, एपर्ने येथे राहून ती आत्मसात केली आणि मग आपल्या गावी सुरू केली. आल्सेस त्या वेळी जर्मन साम्राज्यात होते.

निर्मिती : क्रेमाँसाठी द्राक्षे हातानेच तोडावी लागतात व घड अखंड स्वरूपात घाणीपर्यंत न्यावे लागतात. यंत्राने तोडताना मणी फुटतात, रस हवेच्या संपर्काने काळवंडतो आणि काळ्या द्राक्षांच्या सालीतील रंग त्यात उतरतो. १५० किग्रॅ. द्राक्षांपासून १०० लि.पेक्षा जास्त रस काढण्यास मनाई आहे. कारण अधिक दाबल्यास सालीतील व बियांतील तुरट द्रव्ये रसात येतात. फेसाळ वाइनला अम्लता आवश्यक असल्यामुळे द्राक्षे पूर्ण गोड होण्याच्या थोडी आधीच तोडतात.

रसाचे पहिले किण्वन टाक्यांत होऊन साधी, आंबटसर वाइन मिळते [→ किण्वन]. निरनिराळ्या मळ्यांतील व वाणांतील अशा वाइन चाखून त्यांचे मिश्रण ठरविणे हे मोठ्या कौशल्याचे काम समजले जाते. मिश्रणात दर लिटरला सु. २४ ग्रॅ.पर्यंत साखर आणि यीस्ट घालून ते जाड काचेच्या बाटल्यांत भरतात व बाटल्या घट्ट बंद करतात. यीस्ट साखरेचे एथिल अल्कोहॉल व कार्बन डाय-ऑक्साइड यांत रूपांतर करते. वायूला बाहेर पडण्यास वाट नसल्याने तो वाइनमध्ये विरघळतो. दर लिटरमागील सु. ४ ग्रॅ. साखरेमुळे एका वातावरणाइतका दाब निर्माण होतो. अल्कोहॉलचे प्रमाणही एक टक्क्याहून थोडे अधिक वाढते.

किण्वन संपल्यावर यीस्टच्या मृत पेशींचा साका बाटलीत साचतो. या साक्यावर वाइन किमान नऊ महिने राहू द्यावी, असा क्रेमाँसाठी नियम आहे. या काळात पेशींतील एंझाइमे पेशींचेच विघटन करतात व ॲमिनो अम्ले, प्रथिने आणि बहुशर्करा वाइनमध्ये मिसळतात. भाजलेल्या पावासारखा किंवा सुक्या मेव्यासारखा स्वाद आणि फेसाचा मऊपणा यांचे मूळ या संथ क्रियेत आहे. बर्गंडीमध्ये २४ व ३६ महिने मुरविलेल्या क्रेमाँना २०१६ पासून ‘एमिनाँ’ व ‘ग्राँ एमिनाँ’ या वरच्या श्रेणी देण्यात येतात.

नंतर बाटल्या रोज थोड्या फिरवीत व हळूहळू उलट्या करीत साका बुचाशी आणतात. हाताने या कामाला कित्येक आठवडे लागतात. यंत्राने ते सु. आठवडाभरात होते. बाटलीचे तोंड अतिथंड द्रावणात बुडवून साका गोठवितात आणि बूच काढताच तो दाबाने बाहेर फेकला जातो. कमी झालेली वाइन भरून काढताना तीत आवडीप्रमाणे साखर मिसळतात आणि कायमचे बूच बसवून ते तारेने आवळतात. लिटरला १२ ग्रॅ.पेक्षा कमी साखर असलेल्या वाइनला ‘ब्र्यूत’ म्हणतात व तोच प्रकार सर्वाधिक प्रचारात आहे. कोणत्याही क्रेमाँत साखर लिटरला ५० ग्रॅ.पेक्षा कमी असावी लागते.

प्रादेशिक प्रकार : ल्वार व बर्गंडी येथील क्रेमाँना १९७५ मध्ये आणि आल्सेसच्या क्रेमाँला १९७६ मध्ये नियंत्रित मूलस्थान-नामाचा दर्जा मिळाला. त्यानंतर बॉर्दो व लिमू (१९९०), दी (१९९३), जुरा (१९९५) आणि सॅव्हॉय (२०१५) यांची भर पडली. प्रत्येक ठिकाणी स्थानिक वाणांना महत्त्व असल्याने चवीत स्पष्ट फरक पडतो [→ द्राक्ष]. आल्सेसमध्ये पिनो ब्लाँ, रीझलिंग, पिनो न्वार इ. वाण वापरतात, तेथे शार्दोने या वाणाला केवळ क्रेमाँसाठी परवानगी आहे. बर्गंडीत शार्दोने व पिनो न्वार यांच्या जोडीला आलिगोते हा अम्लतायुक्त वाण असतो. ल्वारमध्ये शनँ ब्लाँ, दी येथे क्लेरेत, बॉर्दोमध्ये सेमियाँ व मेर्लो, जुरामध्ये शार्दोनेबरोबर साव्हान्यँ आणि सॅव्हॉयमध्ये जाकेर व अल्तेस हे वाण विशेष आहेत. लिमूची जुनी ‘ब्लांकेत’ ही फेसाळ वाइन प्रामुख्याने मोझाक या वाणाची असते. क्रेमाँमध्ये मात्र शार्दोने व शनँ यांना प्राधान्य आहे.

नावासंबंधीचा वाद : शँपेन हे पद्धतीचे नाव नसून प्रदेशाचे आहे, ही भूमिका तेथील बागाईतदारांनी दीर्घकाळ मांडली. प्रदेशाच्या सीमा कोठे आखाव्यात, यावरून १९११ मध्ये तेथे दंगलीही झाल्या. कारण सीमेबाहेर पडलेल्या बागाईतदाराच्या द्राक्षांची किंमतच घसरत असे. इतर प्रदेशांतील उत्पादक आपल्या बाटलीवर ‘शँपेन पद्धती’ असे छापत. आपण तेच कष्ट करतो, मग ते सांगण्यास मज्जाव का, असा त्यांचा सवाल होता. यूरोपीय समुदायाच्या १९८५ च्या नियमाने हा शब्दप्रयोग शँपेनबाहेर वापरण्यास ३१ ऑगस्ट १९९४ पर्यंतच मुदत दिली. मोझेल खोऱ्यातील जर्मन उत्पादकांच्या एका संघाने त्याविरुद्ध दाद मागितली. परंतु यूरोपीय न्यायालयाने डिसेंबर १९९४ मध्ये हे निर्बंध वैध ठरविले. शँपेनच्या उत्पादकांनी आपल्याकडील ‘क्रेमाँ’ हा शब्द सोडून दिला आणि तो इतर प्रदेशांच्या वाट्याला आला.

तथापि तोही शब्द निर्विवाद राहिला नाही. १९८९ मध्ये तो फ्रान्स व लक्सेंबर्ग यांच्यासाठी राखून ठेवण्यात आला, तेव्हा स्पेनमधील कोदोर्न्यू या संस्थेने आपण १९२४ पासून ‘ग्रान क्रेमाँ’ ही नोंदलेली मुद्रा वापरीत असल्याचे दाखवून दिले. न्यायालयाने मे १९९४ मध्ये ही तरतूद रद्द केली. सांप्रत यूरोपीय नियमांनुसार हा शब्द देशावर नव्हे, तर हाताने तोडणी, रसाची मर्यादा, मुरविण्याचा काळ आणि प्रदेशाच्या नावाची जोड या अटींवर अवलंबून आहे.

अशा रीतीने क्रेमाँ या नावाचा अर्थ पालटला. सौम्य फेसाची वाइन हा जुना अर्थ मागे पडून, आपल्या भूमीचे नाव धारण करणारी व ठरावीक नियमांनी बांधलेली फेसाळ वाइन हा अर्थ रूढ झाला. दुसऱ्याच्या नावाचा आधार गेल्याने या प्रदेशांना स्वतःची ओळख मिळाली. शँपेनपेक्षा किंमत सामान्यतः बरीच कमी असल्याने तिला मागणीही चांगली आहे.

बाटलीतील किण्वनाची हीच पद्धती महाराष्ट्रातही आली. नारायणगाव (जि. पुणे) येथे १९८० नंतरच्या दशकात फ्रेंच तज्ञांच्या साहाय्याने अशी वाइन तयार होऊ लागली, पुढे नासिक जिल्ह्यातही तिचे उत्पादन सुरू झाले.