घर भावाला विकले, मग घरकुल मिळेल का?

"राहते घर भावाच्या नावावर करून दिले की आम्ही बेघर ठरतो. मग आम्हांला घरकुल का मिळू नये?" हा प्रश्न आम्हांला वस्तीवस्तीतून ऐकायला मिळतो. विचारणारा माणूस लबाड नसतो. दोघा भावांत एक खोली, दोघांची लग्ने झालेली, पोरे मोठी होत चाललेली. एकाने जुने घर दुसऱ्याला द्यावे आणि स्वतः सरकारी योजनेत अर्ज भरावा, हा विचार मनात येणे साहजिक आहे. परंतु अर्धवट माहितीवर हे पाऊल उचलणाऱ्या कुटुंबाचे जुने घर जाते आणि नवेही मिळत नाही. म्हणून आज आम्ही हा विषय आपल्यापुढे उलगडून मांडीत आहोत.

दोन प्रश्न, दोन उत्तरे

घरकुलाचा अर्ज तपासताना सरकार मुख्यतः दोन गोष्टी पाहते. पहिली, अर्जदाराच्या कुटुंबाच्या नावे आज कुठे पक्के घर आहे काय? दुसरी, या कुटुंबाने पूर्वी कोणत्याही सरकारी योजनेतून घराचा लाभ घेतला आहे काय? आपल्या माणसांची गफलत इथेच होते. घर विकले की पहिल्या प्रश्नाचे उत्तर बदलते. दुसऱ्याचे बदलत नाही.

शहरांसाठीची प्रधानमंत्री आवास योजना २५ जून २०१५ रोजी सुरू झाली. तिचा दुसरा टप्पा १ सप्टेंबर २०२४ पासून लागू आहे. या टप्प्याची अट अशी की, गेल्या वीस वर्षांत केंद्र, राज्य किंवा स्थानिक संस्थेच्या कोणत्याही गृहयोजनेचा लाभ घेतलेला असेल, तर पुन्हा लाभ नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी आपल्या राज्याची रमाई आवास योजना आहे. तिथेही दुसऱ्या योजनेतून घरकुल घेतलेल्या कुटुंबाला दार बंद असते.

समजा, थोरल्या भावाने २०१२ साली रमाई योजनेतून घर बांधले. २०२५ साली ते धाकट्याला रीतसर विकले आणि स्वतः भाड्याच्या खोलीत गेला. आज त्याच्या नावावर घर नाही, हे खरे. पण २०१२ ची नोंद सरकारी दप्तरात कायम आहे, आणि वीस वर्षे २०३२ साली भरतात. म्हणजे त्याचा अर्ज बाद. इकडे धाकट्याच्या नावावर आता पक्के घर चढले, म्हणून त्याचाही हक्क गेला. एका खरेदीखताने दोन्ही भाऊ योजनेबाहेर पडले. विकणाऱ्याचा विचार सगळे करतात. घेणाऱ्या नातेवाइकाचे काय होते, याचा विचार कोणी करीत नाही.

कुटुंब म्हणजे कोण?

आपण कुटुंब म्हणतो तेव्हा आई-वडील, भाऊ, भावजय, पुतणे सगळे त्यात येतात. प्रधानमंत्री आवास योजनेचे कुटुंब मात्र लहान आहे: नवरा, बायको आणि त्यांची अविवाहित मुले-मुली. यांच्यापैकी कोणाच्याही नावे भारतात कुठेही पक्के घर असेल, तर ते सगळ्यांचे धरले जाते. म्हणून घर बायकोच्या किंवा लग्न न झालेल्या मुलाच्या नावावर केल्याने काहीही साधत नाही. गावाकडचे पक्के घर आपल्या नावावर असेल, तर तेही मोजले जाते. लग्न झालेला मुलगा आणि भाऊ यांचे कुटुंब वेगळे. बापाच्या नावावर घर आहे म्हणून लग्न झालेल्या मुलाने अर्ज करायचाच नाही, असे नाही. तेव्हा विक्रीच्या भानगडीत पडण्याआधी हे पाहा, की ज्याला खरी गरज आहे तो मुळातच पात्र आहे का. पुष्कळ घरांत तो पात्र असतो आणि विक्रीची गरजच नसते.

आणखी एक गोष्ट. स्वतःच्या जागेवर घर बांधण्यासाठी जी मदत मिळते, तिला स्वतःची जागा लागते. घर जागेसकट भावाला विकले, तर बांधणार कुठे? जुने घर कच्चे असेल, तर त्याच जागेवर ते पक्के करण्यासाठीच ही योजना आहे. असे घर विकणे म्हणजे आपल्या हाताने आपला हक्क काढून देणे होय.

कागदापुरती विक्री

काही ठिकाणी असे होते की, कागदावर घर भावाच्या नावे होते, पैसा एक रुपयाही फिरत नाही, आणि मूळ मालक त्याच घरात राहतो. मग "माझ्या नावे घर नाही" असे लिहून दिले जाते. खोटे शपथपत्र हा गुन्हा आहे. चौकशीत लाभ रद्द होतो आणि घेतलेली रक्कम वसूल होऊ शकते. आणि पुढे भावाभावांत बिनसले तर काय? कागद भावाच्या बाजूने बोलतो. "ते नुसते नावापुरते होते" असे कोर्टात सिद्ध करता करता आयुष्य जाते. आपल्या पैशाने घर घेऊन ते मेहुण्याच्या नावावर ठेवणे तर याहून धोक्याचे. तो बेनामी व्यवहार ठरू शकतो. १९८८ च्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. आता त्याला एक ते सात वर्षे सक्तमजुरी आहे.

असा संशय आपल्याच सरकारला येतो असे नाही. ब्रिटनमध्ये घरभाड्यासाठी 'हाउसिंग बेनिफिट' नावाची मदत आहे. आता ती मुख्यत्वे निवृत्तीच्या वयाच्या लोकांपुरती उरली आहे. तिच्या २००६ च्या नियमांप्रमाणे, मागल्या पाच वर्षांत जे घर स्वतःच्या मालकीचे होते, त्याच घरात भाडेकरू म्हणून राहणाऱ्याला ती मिळत नाही. विकल्यावाचून त्या घरात राहताच आले नसते, हे दाखवून दिले तरच सूट मिळते. घेणारा सख्खा भाऊ असो की परका, तिथे नियम एकच.

द्यायचेच असेल तर

नातेवाइकाला घर देण्यात गैर काही नाही. मात्र व्यवहार खरा हवा आणि कागद पक्का हवा. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केली म्हणजे घर विकले जात नाही. विक्रीचे खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावेच लागते. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे. घरपट्टीची पावती किंवा ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा कराचा कागद आहे, मालकीचा नव्हे.

भावाला स्वस्तात दिले तरी मुद्रांक शुल्क सरकारी बाजारभावाहून कमी रकमेवर लागत नाही. राहते घर नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मयत मुलाची बायको यांना बक्षीसपत्राने दिले, तर २०१५ पासून मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार वेगळा. भाऊ-बहिणीला ही सवलत नाही. त्यांना तीन टक्के पडतात.

झोपडपट्टी पुनर्वसनात मिळालेल्या खोलीचा कायदा आणखी कडक आहे. ठरावीक मुदत संपेपर्यंत ती विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, भाड्यानेही देता येत नाही. भाऊ-पुतण्याला दिली तरी बंदी तीच. वारसाने मिळणे तेवढे वेगळे. मूळ मुदत दहा वर्षांची होती, पुढे ती कमी करण्याचे निर्णय झाले. म्हणून आपल्या इमारतीला कोणती मुदत लागू आहे, हे प्राधिकरणाच्या कार्यालयातून लेखी घ्यावे. चाळीतल्या एजंटाच्या तोंडी शब्दावर जाऊ नये.

म्हाताऱ्या आई-वडिलांसाठी

"आई, घर माझ्या नावावर कर, मी तुला सांभाळतो," असे मुलगा म्हणतो आणि आई अंगठा देते. माता-भगिनींनो, बक्षीसपत्रात "मुलाने आपला सांभाळ करावा" ही अट लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, अशी अट मोडल्यास न्यायाधिकरण ते बक्षीसपत्र रद्द करू शकते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका आईला तिचे घर याच कलमाखाली परत मिळवून दिले. ही अट कागदावर नसेल, तर आईची बाजू लंगडी पडते.

आधी हे करा

१. आपल्या, पत्नीच्या व अविवाहित मुलांच्या नावे कुठे घर आहे काय, याचे उतारे काढा.

२. पूर्वी कोणत्या योजनेतून घरकुल घेतले, कोणत्या साली, हे ग्रामपंचायत, पंचायत समिती किंवा नगरपालिकेत तपासा.

३. विक्रीपूर्वी, "असे केल्यास मी पात्र राहीन काय?" असा लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. उत्तर आले नाही, तर माहितीच्या अधिकारात, लागू असलेल्या शासन निर्णयाची प्रत आणि आपल्या कुटुंबाच्या नावे असलेली लाभाची नोंद मागा.

४. पैसे बँकेतून द्या-घ्या. भाऊ असला तरी.

५. घरातल्या बाईला न विचारता कोणत्याही कागदावर सही करू नका. घर गेले तर चूल तिचीच उघड्यावर येते.

मंजुरीचे पत्र हाती येईपर्यंत घरकुल हे फक्त आश्वासन असते. जे घर आज डोक्यावर आहे, ते आपल्या माणसांनी एकेक वीट जोडून उभे केले आहे. आश्वासनाच्या भरवशावर ते हातचे सोडू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.