सावलीतली झोपाळू झाडे

झाडाच्या सावलीत काही उगवत नाही असे पुष्कळ लोक म्हणतात, पण ते खरे नाही. आपल्या रानात पावसाळ्यात साग-ऐनाखाली पाय ठेवायला उघडी जमीन सापडत नाही. ती हिरवळ कोणी पेरलेली नसते. त्यातली बरीचशी झाडे दरवर्षी जमिनीतल्या त्याच कंदातून पुन्हा फुटतात.

माझे मामा सांताक्रूझला चाळीत राहतात. चाळीमागे मोठा आंबा आहे. त्याच्याखाली नुसती माती होती, ती पावसात गटारात वाहून जायची आणि आंब्याची मुळे उघडी पडायची. काही जण म्हणाले, फरशी घालून टाकू. मामी म्हणाली, "मग पाणी कुठं जिरेल?" तिचं बरोबर होतं. सांताक्रूझला पावसाच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. २६ जुलै २००५ ला तर तिथल्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला!

गेल्या वर्षी मे महिन्यात मी आमच्या बांधावरचे रानहळदीचे आणि मुसळीचे कंद पिशवीत घालून तिकडे नेले. लावायची रीत सोपी आहे. आंब्याची मुळे दुखवायची नाहीत, म्हणून वीतभरसुद्धा खणू नये, चार बोटे पुरेत. रानहळदीचा तुकडा डोळा वर करून ठेवावा. मुसळीची मुळे बोटांसारखी झुपक्याने असतात. ती सुटी करताना प्रत्येक मुळाला वरच्या गड्ड्याचा तुकडा राहिला पाहिजे, नुसते मूळ फुटत नाही. काळ्या मुसळीची तर गंमतच आहे. तिच्या पानाचे टोक ओल्या मातीला टेकले की कधी कधी तिथेच नवे रोप येते. पेव मात्र मागे भिंतीकडे लावावे. ते माणसाएवढे वाढते आणि त्याची पाने जिन्यासारखी गोल गोल चढतात. आंब्याचा पाचोळा जाळू नये, वर तसाच पसरावा. तेच खत.

पाऊस पडला आणि पंधरा दिवसांत सगळं हिरवं झालं. श्रावणात रानहळदीला फुले आली, पिवळी, वर गुलाबी तुरा.

खरी पंचाईत दिवाळीनंतर झाली. पाने पिवळी पडली, मग वाळून गेली. शेजारच्या आजी कुदळ घेऊन आल्या, "मेली गं सगळी, काढून टाकते." मामीने त्यांना थांबवले. ही झाडे मेलेली नसतात, जमिनीत झोपलेली असतात. सात-आठ महिने त्यांना पाणीसुद्धा नको, उलट रोज पाणी घातले तर कंद कुजतात. मामीने भोवती दगड मांडून ठेवले, म्हणजे कोणी खणणार नाही. यंदा जूनमध्ये पहिल्या पावसानंतर कोंब वर आले, तेव्हा आजी स्वतः मामीला बोलवायला गेल्या.

पांढऱ्या मुसळीचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम. म्हणजे सांताक्रूझजवळच्या बोरिवलीचेच नाव! फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी ते ठेवले. आपण फोडशीची भाजी खातो ती याच कुळातली. पण भाजीला पाने खुडतात, औषधाला मुळे लागतात. औषधासाठी लोकांनी रानातली मुसळी इतकी उपटली की ती दुर्मीळ झाली. म्हणून रानातून कंद आणू नयेत. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून तर झाड उपटणे गुन्हाच आहे. आपल्या बांधावरचे घ्यावेत, किंवा जिथे घराचा पाया खणणार असतील तिथले आधी काढून घ्यावेत.

आपल्या शाळेमागे फणसाखाली अशीच उघडी जागा आहे. ज्यांच्या बांधावर रानहळद असेल त्यांनी मे महिन्यात एकेक कंद आणावा. पालकांनीही आणला तर चालेल. दगड मी मांडतो.