गोल्डफिश तळे

घराच्या परसात किंवा बागेत शोभेसाठी व विरंगुळ्यासाठी गोल्डफिश जातीचे मासे पाळण्याकरिता मुद्दाम तयार केलेला लहान जलाशय. काचेच्या पेटीतील मत्स्यालयापेक्षा अशा तळ्यात पाण्याचे प्रमाण पुष्कळ अधिक असते. त्यामुळे त्याचे तापमान व रासायनिक घटना सावकाश बदलतात आणि माशांना मोकळेपणाने पोहता येते. तथापि तळे म्हणजे केवळ पाण्याने भरलेला खड्डा नव्हे. मासे, वनस्पती, शैवले, सूक्ष्मजंतू व पाणी यांचा परस्परसंबंध तेथे सतत चालू असतो आणि तो बिघडल्यास वरवर स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही मासे मरतात. तळ्याच्या उभारणीतील व देखभालीतील बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघतात.

गोल्डफिश : हा मासा सायप्रिनिडी कुलातील असून त्याचे शास्त्रीय नाव कॅरॅसियस ऑरॅटस असे आहे. रोहू, कटला, मृगळ हे भारतीय मासे याच कुलातील होत. त्याच्या मूळच्या रानटी रूपाचा रंग करडा-हिरवट असतो. चीनमध्ये अशा माशांत क्वचित आढळणारे तांबूस-सोनेरी मासे वेगळे राखण्याची प्रथा पडली आणि सुंग वंशाच्या काळात (९६०–१२७९) ते उद्यानांतील तळ्यांत पाळले जाऊ लागले. मिंग काळात (१३६८–१६४४) ते घरात भांड्यांमध्ये ठेवण्याची रीत रूढ झाल्यावर आखूड शरीराचे, दुहेरी शेपटीचे व बटबटीत डोळ्यांचे प्रकार निवडपद्धतीने निर्माण झाले. पुढे हा मासा जपानमध्ये व सतराव्या शतकात यूरोपात पोहोचला. शोभेच्या तळ्यांतील कोई हा मासा दिसण्यात काहीसा सारखा असला, तरी तो कार्प या निराळ्या जातीचा असून त्याच्या तोंडाशी स्पृशा (मिशांसारखे अवयव) असतात. गोल्डफिशला त्या नसतात. कोई पुष्कळ मोठा वाढत असल्याने लहान तळ्यात तो पाळू नये.

उघड्या तळ्यासाठी लांबट शरीराचे साधा गोल्डफिश, कॉमेट व शुबंकिन हे प्रकार योग्य होत. ओरांडा, लायनहेड, दुर्बिणडोळ्या इ. प्रकार मंदगती असतात. चपळ माशांबरोबर ठेवल्यास त्यांची उपासमार होते व शत्रूंपासून त्यांना बचाव करता येत नाही. चांगल्या परिस्थितीत गोल्डफिश १० ते २० वर्षे किंवा त्याहून अधिक जगतो. इंग्लंडमधील एक पाळीव गोल्डफिश ४३ वर्षे जगून १९९९ मध्ये मेल्याची नोंद आहे. तळे बांधणाऱ्याने ही जबाबदारी दीर्घ मुदतीची आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

जागा व आकारमान : तळ्यावर दिवसातून चार ते सहा तास, शक्यतो सकाळचे, ऊन यावे व दुपारी सावली असावी. मोठ्या झाडाखालची जागा टाळावी; कारण गळलेली पाने कुजून पाण्यातील ऑक्सिजन कमी करतात व मुळांमुळे बांधकामाला तडे जातात. पावसाळ्यात बागेतील वा शेतातील पाणी वाहत येईल अशी सखल जागाही घेऊ नये; त्याबरोबर खते व कीटकनाशके तळ्यात येतात.

महाराष्ट्राच्या पठारी भागातील कडक उन्हाळा लक्षात घेता तळ्याची खोली किमान ६० सेंमी. व शक्य तर ७५ ते ९० सेंमी. ठेवावी. उदाहरणार्थ, २·५ मी. लांब, १·५ मी. रुंद व ६० सेंमी. खोल अशा सरळ बाजूंच्या तळ्यात २,२५० लि. पाणी मावते. पूर्ण वाढलेल्या एका माशास सु. २०० लि. पाणी असा ढोबळ हिशेब धरल्यास त्यात आठ ते दहा मासे सुखाने राहू शकतात. विकत आणताना मासे बोटभर लांबीचे असतात. म्हणून अधिक मासे सोडण्याचा मोह होतो. परंतु संख्या नेहमी पूर्ण वाढीच्या हिशेबाने ठरवावी.

बांधकाम : विटा व सिमेंटचा हौद टिकाऊ असतो, परंतु काळ्या भारी जमिनीत ही जमीन पावसाळ्यात फुगत व उन्हाळ्यात आकसत असल्याने त्याला तडे जातात. अशा ठिकाणी काळी माती काढून मुरमाचा ठोकून बसविलेला थर द्यावा किंवा लवचिक प्लॅस्टिकचे वा रबराचे अस्तर वापरावे. अस्तराची लांबी काढण्यासाठी तळ्याच्या लांबीत खोलीची दुप्पट व काठावर दाबण्यासाठी दोन्ही बाजूंचे ३०–३० सेंमी. मिळवावेत, रुंदीचेही तसेच. वरील तळ्यास या हिशेबाने ४·३ मी. × ३·३ मी. अस्तर लागते. खड्ड्यातील खडे व मुळे काढून खाली बारीक वाळूचा थर देणे आवश्यक असते.

नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो व पाणी माशांना घातक होण्याइतके अल्कधर्मी बनते. म्हणून हौद भरून काही दिवस ठेवणे, रिकामा करून घासणे व पुन्हा भरणे ही क्रिया सु. तीन आठवडे करावी आणि पाण्याचे पीएच मूल्य ८·५ च्या खाली स्थिरावल्यावरच मासे सोडावेत. पावसाळ्यातील जादा पाणी जाण्यासाठी काठाच्या थोडे खाली जाळी बसविलेली नळी ठेवावी. लहान मूल अगदी उथळ पाण्यातही बुडू शकते. यासाठी काठ जमिनीपासून ४५ सेंमी. उंच बांधावा अथवा तळ्यावर मजबूत जाळी बसवावी. पंपाच्या विद्युत् जोडणीत गळती-विद्युत् प्रवाह तोडणारे उपकरण अवश्य असावे.

पाण्याची सिद्धता : नळाच्या पाण्यातील क्लोरीन कल्ल्यांना इजा करते. पाणी उघड्यावर एक-दोन दिवस ठेवल्यास ते निघून जाते. क्लोरामीन मात्र असे जात नाही व त्यासाठी योग्य रासायनिक प्रक्रिया करावी लागते. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे नायट्रोजनाचे चक्र. मासे मुख्यत्वे कल्ल्यांवाटे अमोनिया उत्सर्जित करतात. उरलेले अन्न व विष्ठा कुजूनही तो तयार होतो. विशिष्ट सूक्ष्मजंतू अमोनियाचे नायट्राइटात व दुसरे नायट्राइटाचे नायट्रेटात रूपांतर करतात. पहिले दोन्ही पदार्थ विषारी असून नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी आहे व ते वनस्पती शोषून घेतात. हे सूक्ष्मजंतू तळ्याच्या भिंती, खडे व गाळणीतील माध्यम यांवर वाढतात. त्यांची पुरेशी वाढ होण्यास सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात. नव्या तळ्यात सर्व मासे एकदम सोडल्यास पहिल्या महिन्यातच ते मरू लागतात, याचे कारण बहुधा हेच असते. प्रथम दोनतीन मासे सोडून इतरांची भर सावकाश घालावी.

अमोनियाचा विषारीपणा पाण्याच्या पीएच मूल्यावर अवलंबून असतो. २५° से. तापमानास पीएच ७ असता एकूण अमोनियापैकी सु. अर्धा टक्का भाग विषारी (अनायनीभूत) रूपात असतो. पीएच ८ ला तो सु. ५ टक्के, तर पीएच ९ ला ३५ टक्क्यांहून अधिक होतो. हिरव्यागार झालेल्या पाण्यात दुपारी शैवले कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घेत असल्याने पीएच वाढते व सकाळी निर्धोक असलेले पाणी दुपारी घातक ठरू शकते.

ऑक्सिजन व तापमान : गोल्डफिशला १८° ते २४° से. तापमान विशेष मानवते. त्याहून बरेच कमीअधिक तापमानही तो सहन करतो. परंतु पाणी तापले की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. समुद्रसपाटीस २०° से. तापमानाच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त सु. ९ मिग्रॅ., तर ३०° से. ला सु. ७·५ मिग्रॅ. ऑक्सिजन असू शकतो. त्याच वेळी माशाची ऑक्सिजनाची गरज मात्र वाढलेली असते. रात्री वनस्पती व शैवलेही ऑक्सिजन वापरतात. त्यामुळे त्याचे प्रमाण पहाटे सर्वांत कमी असते. पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करू लागल्यास तो भुकेचा नव्हे, तर गुदमरण्याचा इशारा समजावा. कारंजे किंवा लहानसा धबधबा पाणी हवेत घुसळून ही उणीव भरून काढतो. म्हणून तो रात्रीही चालू ठेवावा. पंप दोन तासांत तळ्यातील सर्व पाणी एकदा फिरवील इतक्या क्षमतेचा असावा. गाळणीतील माध्यम तळ्यातून काढलेल्या पाण्यातच हलके धुवावे. क्लोरीनयुक्त पाण्याने उपयुक्त सूक्ष्मजंतू नष्ट होतात.

वनस्पती : कुमुदाची पाने पृष्ठभागावर पसरून सावली देतात. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, सिरॅटोफायलम या पाण्यात बुडालेल्या वनस्पती नायट्रेट शोषून घेतात व माशांना अंडी घालण्यास आधार देतात. पृष्ठभागाचा निम्मा ते दोनतृतीयांश भाग झाकलेला असल्यास पाणी फार तापत नाही व शैवले आटोक्यात राहतात. जलपर्णी झपाट्याने पसरून सर्व पृष्ठभाग व्यापते व ती नाल्यांत गेल्यास उपद्रवी ठरते. ती लावू नये.

अन्न व निगा : गोल्डफिशला जठर नसते, त्यामुळे एका वेळी थोडे अन्नच त्याला पचते. पाच मिनिटांत संपेल एवढेच अन्न दिवसातून एक-दोन वेळा द्यावे. शैवले, किडे व डासांच्या अळ्याही तो खातो, त्यामुळे मासे असलेल्या तळ्यात डासांची पैदास पुष्कळ कमी होते. मात्र दाट वनस्पतींत मासे शिरू शकत नाहीत तेथे अळ्या वाढतात. डेंग्यूचा प्रसार करणारा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. यासाठी वनस्पतींची वेळोवेळी विरळणी करावी व काठाजवळच्या कुंड्या, बादल्या इत्यादींत पाणी साचू देऊ नये.

आठवड्यातून एकदा १० ते २० टक्के पाणी बदलावे. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने पातळी दिवसाला सु. १ सेंमी. पर्यंत उतरते, वरील तळ्यात हे पाणी सु. ३७ लि. होते. नुसती भर घालत राहिल्यास पाणी उडून जाते व क्षार मात्र साठत जातात. म्हणून काही पाणी काढून टाकणेही आवश्यक असते. काढलेले पाणी बागेतील झाडांना खताप्रमाणे उपयोगी पडते. तळ्याला एकदम संपूर्ण रिकामे करून घासून काढण्याची पद्धत सदोष आहे. तीमुळे सूक्ष्मजंतूंची घडी मोडते.

शत्रू व रोग : खंड्या, बगळा, ढोकरी हे पक्षी, मांजर व दिवड साप मासे पकडतात, चतुराच्या अळ्या पिले खातात. पृष्ठभागावर जाळी व तळाशी खापराच्या नळ्यांचा आडोसा असल्यास संरक्षण मिळते. लेर्निया (नांगरकृमी) व अर्ग्युलस (माशांवरील उवा) हे कवचधारी परजीवी डोळ्यांना दिसू शकतात. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एका आदिजीवामुळे होतो. जखमांवर कापसासारखी बुरशी वाढते. बहुतेक रोग नव्या माशांबरोबर येतात; म्हणून नवे मासे दोनतीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून मगच तळ्यात सोडावेत. रोग दिसताच औषध घालण्याऐवजी प्रथम पाण्याचे परीक्षण करावे. कारण दूषित पाण्याने अशक्त झालेला मासाच रोगाला लवकर बळी पडतो.

प्रजनन : अनुकूल ऋतूत नर मादीचा पाठलाग करतो; त्याच्या प्रच्छदांवर (कल्ल्यांवरील झाकणांवर) तेव्हा पांढरे बारीक उंचवटे दिसतात. मादीची चिकट अंडी वनस्पतींना चिकटतात व उबदार पाण्यात तीन ते पाच दिवसांत फुटतात. प्रौढ मासे अंडी व पिले खात असल्याने त्यांची संख्या मर्यादित राहते. पिले प्रथम काळपट असतात व काही महिन्यांनी रंग बदलतात. काही जन्मभर काळपटच राहतात.

नैसर्गिक जलाशयांस धोका : संख्या फार वाढली अथवा हौस संपली म्हणून गोल्डफिश नदीत, तलावात किंवा विहिरीत सोडणे ही दयेची कृती वाटत असली, तरी ती अपायकारक आहे. हा मासा तळ ढवळून पाणी गढूळ करतो, वनस्पती उपटतो, स्थानिक माशांच्या अन्नात वाटेकरी होतो व रोग पसरवितो. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील बर्न्झव्हिल येथे २०२१ मध्ये एका तलावात सोडून दिलेले गोल्डफिश बरेच मोठे वाढलेले आढळले व तेथील नगरप्रशासनाला नागरिकांना तसे न करण्याचे आवाहन करावे लागले. ऑस्ट्रेलियातील काही नद्यांतही हा मासा स्थायिक झाला आहे. भारतीय नद्या व तलाव देशी माशांचे निवासस्थान असून पुष्कळ लोकांची उपजीविका त्यांवर अवलंबून आहे. म्हणून जादा मासे दुसऱ्या पाळणाऱ्यास किंवा विक्रेत्याला द्यावेत, तळ्याच्या सांडनळीची जाळी पावसाळ्यापूर्वी तपासावी आणि तळ्यातील पाणी थेट ओढ्यानाल्यात न सोडता जमिनीत मुरवावे.